जंगलातलं गाव उठतंय, १५ लाख रोख घ्यावेत की जमीन? (आमच्या मिस्त्रीसाठी विचारतोय)

दाणाओळीकर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होणार आहे, चालवून घ्या.

ग्वाल्हेरला दाणाओळीतल्या आमच्या जुन्या घराची मागची बाजू उतरवून नवीन बांधकाम काढलंय. कामावरचा मिस्त्री सहरिया आदिवासी आहे, आपल्या मध्य प्रदेशातल्याच श्योपूर-शिवपुरी पट्ट्यातला, हात एकदम साफ आणि बोलणं मोजकं. परवा दुपारी डबा खाऊन झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि मोबाईल पुढे केला, त्यात एका कागदाचा फोटो. कागदाची घडी इतक्यांदा घातलेली की मधली ओळ झिजून गेलेली, वर सासऱ्याचं नाव, खाली दोन चौकोन, विकल्प १ आणि विकल्प २, दोन्ही रिकामे, आणि त्याच्या खाली अंगठ्याला जागा. म्हणाला, "बाबूजी, पैसा लें कि ज़मीन?"

तर भानगड अशी की त्याच्या सासुरवाडीचं गाव वाघाच्या जंगलात आत येतंय (जंगलाचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही) आणि तिथून लोकांना बाहेर काढायचं चाललंय. एक तर घरटी १५ लाख घ्या आणि कुठेही जा, नाहीतर सरकार जमीन-घर देईल तिथे जा. सासरा म्हणतो जमीन. मेव्हणा विशीतला, तो म्हणतो रोख, ग्वाल्हेरला प्लॉट घेऊ, ऑटो घेऊ. सासू म्हणते मी कुठेच येत नाही. घरात आठवडाभर भांडणं चाललीत आणि हा बिचारा जावई मधे अडकलाय, कारण शहरात राहतो म्हणून यालाच सगळं समजतं असं सगळ्यांना वाटतं, आणि याला वाटतं की बाबूजींना समजतं. बाबूजींना एफडीच्या पुढे काही समजत नाही.

खरं सांगायचं तर मला वाघ पण हवेत. माधव नॅशनल पार्कमध्ये २०२३ ला वाघ परत आणून सोडले तेव्हा मी पोरांना घेऊन मुद्दाम शिवपुरीला गेलो होतो (दिसला नाही तो भाग वेगळा). त्यामुळे "जंगल गेलं खड्ड्यात, माणसं आधी" असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. पण इथे प्रश्न एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा आहे. ज्यांना यातलं खरोखर माहीत आहे त्यांनी सांगा, काय घ्यावं, कशात फसतात, आणि नाही म्हटलं तर चालतं का?

---

कंपूवाली

नाही म्हणावं आणि बसून राहावं. कोण काय करतंय. उगाच जंगलातल्या माणसाला शहरात आणून ऑटो चालवायला लावायचं, आधीच बाड्याच्या चौकात ऑटो कमी आहेत का?

---

नॅरोगेज

दाणाओळीकर, तुमच्या मिस्त्रीला पहिली गोष्ट ही सांगा की कुठलाच चौकोन भरू नका, अजून महिनाभर तरी. घाई त्यांना नाहीये, घाई दुसऱ्यांना आहे.

आता माझं. मी बँकेत होतो (कुठल्या ते सोडा) आणि नोकरीचा बराच काळ श्योपूर जिल्ह्यात काढला. तेव्हा आपली छोटी लाईन चालू होती, ग्वाल्हेरहून बसलं की सबलगढ येईस्तोवर माणूस दोनदा झोपून उठायचा. त्यामुळे तिथल्या कूनोच्या जंगलाचं प्रकरण मी जवळून बघितलं, ते आधी ऐका कारण आपल्या भागात जंगलातून गावं काढण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग तोच, आणि मिस्त्रीच्या सासऱ्यानंही त्याबद्दल ऐकलं असणारच, सगळ्या सहरियांनी ऐकलंय.

गीरचे सिंह एकाच ठिकाणी आहेत, उद्या साथ आली तर सगळे जातील, म्हणून दुसरं घर हवं, आणि सर्वेक्षण करून डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनं कूनो निवडलं. भीती खोटी नव्हती, १९९४ ला आफ्रिकेत सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपरनं एक तृतीयांशाच्या आसपास सिंह मेले होते, आणि पुढे २०१८ ला गीरमध्ये पण त्याच रोगानं सिंह गेलेच. तर सिंहांसाठी कूनोच्या आतली २४ गावं काढली, दीड हजारावर कुटुंबं, बहुतेक सगळी सहरिया, १९९८-९९ पासून २००३ पर्यंत काम चाललं. घरटी २ हेक्टर जमीन आणि एक लाखाचं पॅकेज, पण ते लाख हातात मिळाले असं समजू नका, जमीन साफ करणं, घर, विहीर सगळं त्यातूनच. लोक निघाले. फार विरोध झाला नाही, कारण त्यांना सांगितलं होतं की सिंह येणार, आणि बाहेर रस्ता, शाळा, लाईट मिळेल. आणि मग सिंह आलेच नाहीत. गुजरात देईना. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं सहा महिन्यांत हलवा, तरी नाही. शेवटी २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाचे चित्ते आले. म्हणजे ज्यांनी सिंहासाठी घर सोडलं त्यांची पोरं मोठी होऊन त्यांना पोरं झाली तेव्हा तिथे दुसरंच जनावर आलं.

मला कोणी विचारलं की त्या लोकांचं वाटोळं कशानं झालं तर मी पाणी म्हणेन. जमीन कागदावर २ हेक्टर, म्हणजे आपल्याकडचे साडेनऊ-दहा बिघे, ऐकायला काय वाईट आहे. पण जंगल तोडून काढलेली ती जमीन, मुरूम आणि दगड, ज्या विहिरी खणल्या त्यातल्या कित्येकांना खाली खडक लागला. एकदा कर्जाच्या पाहणीला गेलो होतो तर म्हाताऱ्यानं मला शेत दाखवलं, शेताच्या कडेला दगडांची छातीएवढी रास. म्हणाला हे सगळं याच शेतातून वेचलंय आणि दरवर्षी नांगरलं की नवीन निघतात. बाजरी-तीळ पिकत होतं पावसावर, बाकी वर्षभर मजुरीला मोरेना, आग्रा, राजस्थान. आत जंगलात असताना हाच माणूस काय श्रीमंत होता असं नाही, पण उधारी वाण्याकडे एवढी नव्हती, कारण हातात काही ना काही यायचं, गोंद, महुआ, तेंदूपत्ता, चारोळी.

आता रोखीचं. तेही बघितलंय, कूनोत नाही, एका धरणाच्या मोबदल्यात. चेक वाटपाच्या दिवशी शाखेच्या बाहेर मोटरसायकलवाल्यानं तंबू टाकलेला, शेजारी डिश टीव्हीवाला, आणि पलीकडे पानाच्या ठेल्यावर दोघं-तिघं नुसते उभे, ते सावकाराचे. पैसे भरले आणि तिसऱ्या महिन्यापासून काढायला सुरुवात. आम्ही सांगायचो एफडी करा, करायचेही, मग मुलीचं लग्न म्हणून मोडायचे. १५ लाखाला ७ टक्के व्याज धरलं तर महिन्याला पावणेनऊ हजार येतात, ज्यानं कधी महिन्याचा पगार बघितला नाही त्याला ते कमी नाहीत. पण एफडी मोडता येते आणि जमीन मोडायला निदान पटवारी, रजिस्ट्री, दहा चकरा लागतात. म्हाताऱ्याचं मत मला जास्त पटतं ते याच्यासाठी. फक्त जमीन कुठली ते बघून.

---

निवांत वकील

नॅरोगेज काकांनी छान लिहिलंय, मी कायद्याचं सांगतो, हायकोर्टाच्या ग्वाल्हेर बेंचमध्ये वकिली करतो, पण हा सल्ला फुकट आहे म्हणून तसाच समजा.

कंपूवाली ताई, "नाही म्हणून बसावं" हे तुम्ही सहज म्हणालात पण कायदा खरंच तेच म्हणतो. वन्यजीव कायद्यात २००६ ला जी दुरुस्ती झाली त्यातलं कलम ३८व्ही आणि त्याच वर्षीचा वनाधिकार कायदा, दोन्हीकडे लिहिलंय की वाघाच्या कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातून, लोकांना काढायचं तर आधी त्यांचे वनाधिकार कागदावर मान्य झाले पाहिजेत, मग इथे माणूस आणि वाघ एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवलं पाहिजे, मग ग्रामसभेची लेखी संमती, आणि नवीन जागी जमीन आणि सोयी पूर्ण झाल्याशिवाय जुन्या हक्काला हात लावायचा नाही. क्रम हाच. प्रत्यक्षात काय होतं की सगळ्यात आधी अंगठा घेतात आणि बाकी सगळं "प्रक्रियाधीन". त्यामुळे मिस्त्रीला पहिला प्रश्न हा विचारा की सासऱ्याच्या हातात वनाधिकाराचा पट्टा, म्हणजे हक्काचा सरकारी कागद, आहे का? नसेल तर दावा टाकलाय का? गावाचा सामूहिक दावा? हे नसताना पॅकेजवर सही केली तर मागे काय सोडलं हे कुठे नोंदलंच जात नाही.

दुसरं, १५ लाख हे "घरटी" नाहीत. २००८ पासून १० लाख होते, २०२१ ला १५ झाले, आणि ते कुटुंबामागे आहेत, पण कुटुंब म्हणजे चूल नाही. १८ वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेला असो नसो, वेगळं कुटुंब धरला जातो, १८ वरची बिनलग्नाची मुलगी पण, विधवा आणि घटस्फोट झालेली बाई पण, अपंग माणूस पण. मिस्त्रीचा मेव्हणा विशीतला म्हणताय, मग तो स्वतः एक युनिट आहे! बाप जमीन घेईल आणि मुलगा रोख, असं मागता येतं का ते विचारा, अर्धं भांडण तिथेच मिटेल. यादीत नाव मात्र आत्ताच बघा, कट ऑफ तारखेला वय किती धरलंय ते बघा, आधार कार्डावर सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी असते, त्यात पोरगं कधी सतराचं होतं कधी एकोणिसाचं.

तिसरं, विकल्प २ मध्ये तेच १५ लाख असे तोडलेले असतात: ३५ टक्के शेतजमीन घेणं आणि ती तयार करणं, ३० टक्के हक्कांचा निवाडा, २० टक्के घराची जागा आणि घर, ५ टक्के प्रोत्साहन, १० टक्के रस्ता-पाणी-वीज वगैरे सामूहिक. हिशोब करा, ३५ टक्के म्हणजे सव्वापाच लाख. सव्वापाच लाखात कालव्याची दहा बिघे जमीन तुम्हाला कुठे मिळते ते मला पण सांगा, मी उद्याच घेतो. म्हणून मग सरकारी नाहीतर जंगलाचीच जमीन देतात, आणि ती काकांनी सांगितली तशी निघते. जंगलाची असेल तर ती महसुलात वर्ग झाली का, गाव "राजस्व ग्राम" (महसुली गाव) झालं का, हे विचारायचं, नाहीतर वर्षानुवर्षं ना किसान क्रेडिट कार्ड, ना खसरा-खतौनीत (जमिनीच्या सरकारी नोंदीत) नाव, माणूस आपल्याच शेतात अतिक्रमणवाला.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मागा. बँक खातं पण जोडीचं. आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर आपल्या राज्यात निदान कलेक्टरची परवानगी तरी लागतेच, त्यामुळे ती सहजी हातची जात नाही, हा जमिनीचा फायदा धरा.

---

पाखरू

सगळं मान्य, पण दुसरी बाजू कोणी मांडणारच नसेल तर मी मांडतो, शिव्या द्या.

मी दर हिवाळ्यात कूनोत जातो, चित्त्यांच्या आधीपासून. ज्यांना कूनोतली गवताळ मैदानं बघायची आहेत त्यांनी नीट बघा, त्यातली बरीचशी मैदानं म्हणजे जुन्या गावांची शेतं आहेत. गावं उठली, शेतं पडीक राहिली, गवत आलं, गवतावर चितळ आले, चितळांवर बिबटे. जिथे गाय सुद्धा हाडकुळी असायची तिथे आज कळप उभे दिसतात. चौथरे, आंबा, महुआ अजून जागेवर आहेत, पण जंगल परत आलंय, हे डोळ्यांनी दिसतं. ३४५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य होतं, २०१८ ला ७४८ चौरस किलोमीटरचा नॅशनल पार्क झाला. एवढी सलग जागा माणसं आत ठेवून कशी मिळाली असती?

आणि राजस्थानातलं सरिस्का विसरलात का? २००५ मध्ये कळलं की तिथे एकही वाघ उरला नाही. २००९ ला आपल्याच पन्नात तेच. दोन्हीकडे शिकारी होते आणि शिकाऱ्यांना आतल्या वाटा दाखवणारं कोणीतरी होतं. वाघ बाहेरून आणून परत बसवावे लागले.

शिवाय पुनर्वसन म्हणजे फसवणूकच असं नाही. कर्नाटकात भद्रा बघा, चिकमंगळूरकडे. आतली ११ गावं, चारशेच्या वर कुटुंबं, २००१-०२ मध्ये बाहेर आली आणि त्यांना कालव्याखालची जमीन मिळाली. तिथल्या लोकांनी आधी वर्षानुवर्षं स्वतःच मागणी केली होती की आम्हाला बाहेर काढा, हत्ती पीक ठेवत नाहीत, दवाखाना लांब. म्हणजे होऊ शकतं. तुमच्या मिस्त्रीच्या मेव्हण्याला जंगलात राहायचं नाहीये हे पण ऐका ना कोणीतरी. आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून त्यानं महुआ वेचत राहावं असं का म्हणायचं?

---

करहलची ताई

पाखरू भाऊ, शिव्या नाही देत, पण "वाटा दाखवणारं कोणीतरी" हे वाक्य लिहून तुम्ही सगळं गाव पिंजऱ्यात उभं केलंत. पन्नात आणि सरिस्कात वाघ गेले तेव्हा पगार घेऊन जंगल राखणारी माणसं पण होतीच की आत.

मी श्योपूरच्या करहल भागात बरीच वर्षं बायकांच्या बचत गटाचं काम केलंय, आता गुडघे दुखतात म्हणून घरी. मला त्या सासूबद्दल बोलायचंय कारण तिला कोणीच विचारलेलं दिसत नाही, "सासू म्हणते मी कुठेच येत नाही" एवढ्यात ती संपली. ती का नाही म्हणतेय ते मिस्त्रीच्या बायकोला विचारा, त्याला नको.

मला बायका काय सांगायच्या ते लिहिते. सालईचा गोंद काढायला झाडाला खाच मारतात, थोडी साल सोलतात, मग दर काही दिवसांनी जाऊन सुकलेला गोंद खरवडून आणतात आणि खाच थोडी वर सरकवतात. कुठली झाडं कुणाच्या घरची हे गावात ठरलेलं, त्यावरून कोणी भांडत नव्हतं, सुनेला सासरची झाडं माहीत असायची. याचा एक कागद नाही. मग पॅकेजच्या "हक्कांच्या निवाड्यात" या झाडांचे किती रुपये लावले? शून्य. आणि हा पैसा बायकांच्या हातातला होता, हाटाला जाऊन गोंद विकला की मीठ-तेल-बांगडी तिचं ती घ्यायची. बाहेर वस्तीत आल्यावर नवरा मजुरीला जाणार, पैसा नवऱ्याच्या हातात, आणि दारूचा ठेका रस्त्यावरच (तो मात्र पहिल्या वर्षी येतो, शाळा नंतर). सरपण आणायला जुन्या जंगलाच्या कडेला गेलं की गार्ड कुऱ्हाड काढून घेतो. काल जे घर होतं तिथे आज ती चोर.

आजारपण पण लक्षात घ्या. श्योपूरकडे सहरियांमध्ये टीबी आधीच भयंकर आहे, पोरांचं कुपोषण पेपरात येतंच. जंगलातला कंद, भाजी, मध, कधीमधी मासा, हे ताटातून गेलं आणि त्या जागी रेशनचा गहू आला, पोट भरतं पण पोर वाढत नाही. मी दवाखान्याच्या विरुद्ध नाही हो, बाळंतपणाला खाटेवर घालून नेलेल्या बायका मी बघितल्यात, रस्ता पाहिजेच. पण रस्त्यासाठी गाव सोडायला का लागावं हे मला अजून कोणी नीट सांगितलं नाही.

मेव्हण्याचं म्हणाल तर त्याला जाऊ द्या. त्याला वेगळं युनिट मिळतं असं वकील साहेब म्हणतात तर फारच छान. फक्त त्याच्या १५ लाखात म्हातारी धरू नका.

---

पाखरू

ताई, ते वाक्य मागे घेत नाही पण कार्यकर्त्यांनी लगेच गार्डवर यायचं हे पण बरोबर नाही. गार्ड पण छोट्या पगाराच्या नोकरीवर एकटा बीट फिरतो, आणि कित्येक ठिकाणी तो त्याच गावचा असतो. गोंदाच्या झाडांचं मात्र मला माहीतच नव्हतं. त्याचे पैसे लागलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. चित्ता मित्र म्हणून गावातले लोक घेतले तसे जुन्या गावच्या लोकांना आत कामं द्यावीत, गवत राखणं, आगरेषा, पाणवठे, गाईड, सफारीच्या जिप्सी. जंगल त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

---

करहलची ताई

जिप्सी कोणाच्या आहेत ते एकदा गेटवर विचारून या, मग बोलू 🙂

---

मोरारकरीण

माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं म्हणून लिहितेय. आमच्याकडे मेळघाटातून गावं काढून अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला आणून वसवली. २०१९ च्या जानेवारीत त्यातले कितीतरी लोक बायका-पोरं घेऊन परत जंगलात गेले, म्हणे कबूल केलेलं मिळालं नाही, आजारपणं वाढली, आम्ही आमच्या गावी जातो. तिथे मग पोलीस आणि वनवाल्यांबरोबर मोठी मारामारी झाली, दोन्हीकडची माणसं जखमी. आमचे मामा तेव्हा म्हणाले होते की डोंगरावरच्या कोरकूला काळ्या मातीत आणून सोडलं, कापसाचं शेत त्याच्या बापानं कधी केलं नाही आणि पाटलाकडे मजुरीला जायची सवय नाही, तो राहील कसा? त्यामुळे सासऱ्याला हे पण विचारा की नवीन जागी शेजारी कोण आहे. गाव एकत्र हलतंय की चार ठिकाणी फुटतंय? आमच्याकडे रोख घेतलेले सगळे पांगले, लग्नाला माणसं जमवायची पंचाईत.

आणि हे थांबणारं नाहीये बरं का, २०२४ ला व्याघ्र प्राधिकरणानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं, कोअरमध्ये ५९१ गावं आणि ६४ हजारांवर कुटुंबं अजून आहेत, हलवायचं वेगानं करा म्हणून. म्हणजे तुमच्या मिस्त्रीसारखे जावई अजून खूप निघणार.

---

जिवाजीगंजचा बंडू

विषयांतर, पण कोणी काढलंच नाही म्हणून. श्योपूरच्या जंगलात आफ्रिकेचे सिंह आपल्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आणून सोडले होते! ते गुरं मारायला लागले, माणसं पण, आणि शेवटी गोळ्या घालाव्या लागल्या. आमचे आजोबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा सिंहांची संख्या दरवेळी वाढायची. चालू द्या.

---

दाणाओळीकर

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काका, वकील साहेब आणि ताई. सगळं मिस्त्रीला वाचून दाखवलं, हिंदीत करून. काम तासभर बंद राहिलं, ठेकेदार माझ्याकडे बघत होता.

झालं असं:

वनाधिकाराचा पट्टा सासऱ्याकडे नाहीये. दावा टाकला होता, पावती कुठेतरी आहे म्हणे, घराच्या आढ्याला पिशवीत. ती शोधायला सांगितली. मेव्हण्याचं नाव यादीत वेगळं नाही, बापाच्या खालीच लिहिलंय, आणि आधारवर जन्मतारीख वकील साहेब, तुम्ही म्हणालात तीच, १ जानेवारी! आता शाळेचा दाखला काढायला तो स्वतःच धावतोय, त्यामुळे घरातलं भांडण तूर्त थंड आहे.

सासूचं बायकोकडून विचारून घेतलं. तिची मागणी एकच निघाली. गावच्या बाहेर देवाचं ठाणं आहे, तिथे वर्षातून एकदा जायला मिळालं पाहिजे आणि ते कोणीतरी लिहून दिलं पाहिजे. तोंडी नको. असं लिहून मिळतं का वकील साहेब?

आणि सासरा कागदावर अंगठा देणार नाहीये आत्ता. आधी जी जमीन दाखवतायत ती बघायला जाणार, गावचे अजून पाच-सहा जण सोबत, आणि जवळच आधी उठून आलेल्या लोकांची एक वस्ती आहे तिथे पण रात्रभर राहणार. मी जीपचं डिझेल देतो म्हटलं. काका, जमिनीत नक्की काय बघायचं ते सांगा, म्हणजे लिहून देतो.

---

निवांत वकील

ठाण्याचं मिळू शकतं, पण ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे, तारीख-तिथीसकट, आणि संमतीच्या अटी म्हणून त्याच ठरावात. वेगळा अर्ज दिला तर फाईलमध्ये राहील. गोंदाच्या झाडांची यादी पण तिथेच जोडा, घरवार, झाड कुठे आहे त्यासकट. मंजूर होईल न होईल, नोंद तर होईल. दाव्याची पावती सापडली की फोटो मला मेसेज करा.

---

नॅरोगेज

उन्हाळ्यात जायला सांगा, मेच्या मधे. श्रावणात दाखवलेली जमीन सगळीच हिरवी असते. सोबत एक सब्बल (पहार) घ्यावी आणि शेताच्या मधोमध, कडेला नाही, चार ठिकाणी हातभर खणून बघावं, खाली माती आहे की मुरूम. विहीर दाखवली तर आत दगड टाकून आवाज ऐकण्यापेक्षा दोर सोडून मोजा. बोअर असेल तर मोटर चालू करायला लावा आणि बिडी ओढत अर्धा तास तिथेच बसा, पहिली दहा मिनिटं सगळेच बोअर पाणी देतात. शेजारच्या शेतवाल्याला विचारा ही जमीन आधी कोण कसत होतं, कारण पुष्कळदा कोणीतरी कसत असतोच आणि मग नवीन आलेल्याची त्याच्याशी जन्माची मारामारी. आणि जुन्या वस्तीत राहणार आहेत तर सरपंचाकडे उतरू नका, एखाद्या विधवेच्या घरी उतरा, पाणी कुठून आणते ते सकाळी तिच्याबरोबर जाऊन बघा.

---

दाणाओळीकर

लिहून घेतलं. ताई, जीपमध्ये पुढची सीट रिकामी आहे, गुडघ्यांना चालेल का?

---

करहलची ताई

चालवून घेईन. पाखरूला मागे बसवा.